पूजेतला पाना

संपादकांचा फोन आला. "ताई, तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा. जरा हलकंफुलकं असू द्या, दिवाळी अंक आहे." मी हो म्हणून बसले. आता कागद पुढे घेतला तर हलकं काही सुचत नाही आणि फुलकं तर नाहीच नाही. राग येतो. कुणाला चकली खाता खाता वाचायचं असेल तर त्यांनी सरळ राशिभविष्याचं पान काढावं, मी वाईट वाटून घेणार नाही.

मी पावडर कोटिंगवाली. नागपूरजवळ वाडीला अमरावती रोडवरून आत वळलं की गोदामांच्या मागे आमची लाईन आहे, तिथे माझी भट्टी आहे. भट्टी टाकली आमच्या ह्यांनी आणि चालवली मी, कारण पावडरीनं ह्यांना शिंका येतात हे त्यांना भट्टी टाकल्यावर कळलं. लाईनीतले लोक मला बाई म्हणतात. गिऱ्हाईक मॅडम म्हणतं. काम बिघडलं असं वाटलं की तेच गिऱ्हाईक "ओ काकू" म्हणतं.

पावडर कोटिंग म्हणजे काय ते आधी सांगते, कारण भले भले लोक त्याला पेंट म्हणतात. पेंट ओला असतो. आमची पावडर कोरडी, रांगोळीहून कितीतरी बारीक. ती बंदुकीतून उडवायची. उडताना तिला विजेचा भार मिळतो आणि रंगवायची वस्तू, जिला आम्ही जॉब म्हणतो, ती अर्थिंगला टांगलेली असते. म्हणून पावडर जॉबला जाऊन चिकटते, पाठीमागे वळूनसुद्धा चिकटते. मग भट्टीत घालायचं. तिथे पावडर वितळते, पसरते आणि घट्ट बसते. भट्टीचं दार उघडलं की जो रंग दिसतो तो पाहून लोक खूश होतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. रंग हा आमच्या कामाचा सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग आहे. खरं काम त्याच्या आधीचं. तेल काढा, जुना रंग काढा, मग बारीक रेतीचा जोरात मारा करून धातू खरवडून घ्या. त्याला ब्लास्टिंग म्हणतात. आट्यांच्या भोकांना बुचं मारा, जिथे एक भाग दुसऱ्यावर घट्ट बसणार ती जागा टेपनं झाका. ओतीव ॲल्युमिनियम असेल तर ते नुसतंच एकदा तापवून घ्या, कारण वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं असतं ते. आधी तापवून ओकायला लावलं नाही तर रंगाखालून फोड येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धुवा. मारलेली रेती कणभर कुठे राहिली नाही ना, हे बघत बसा. हे सगळं बघायला गिऱ्हाईक कधी थांबत नाही.

आमची सुरुवात कूलरच्या स्टँडपासून झाली. नागपुरात राहून कूलरचं काम केलं नाही असा कोटिंगवाला सापडणार नाही. स्टँडमध्ये काही कमीजास्त झालं तर दोन उन्हाळ्यांत गंज येतो, माणूस चार शिव्या देतो आणि नवा स्टँड घेतो. इंजिनाच्या भागात कमीजास्त झालं तर इंजिन मरतं. एवढा फरक समजायला डोकं लागतं असं मला तरी वाटत नाही.

पण गाड्या सजवायचं वेड आलं आणि माझ्या दारात एकेक नमुने यायला लागले. एकानं सायलेन्सरकडे जाणारा नळा आणला, जो चालत्या गाडीत लालबुंद होतो, आणि म्हणाला यावर पोपटी मारा. मी म्हटलं, जळून जाईल. तो म्हणाला, "मॅडम, तुमी मारा ना, जळला तर पाहून घेऊ." एकानं रबरी सील न काढताच पुली आणली. भट्टीत घातली असती तर सगळ्या लाईनीला टायर जाळल्याचा वास आला असता. सील काढ म्हटलं तर मलाच विचारतो, "काहून, तुमच्याकडे पाना नाही का?" आणि एक महाशय तर पिस्टन घेऊन आले. पिस्टनला रंग. आत कोण बघणार आहे, बावा? तर म्हणाले, मनाला समाधान. त्यांना मी चहा पाजून परत पाठवलं, कारण त्यांच्याशी भांडायलाही हुरूप येईना.

अशांना मी नाही म्हणते, आणि नाही म्हटलं की लोकांना वाटतं बाईला काम येत नाही. हे माझं जुनं दुखणं आहे. दुकान निवडायला येणारा माणूस माझ्या टेबलावरचे नमुने बघतो, बोट फिरवतो, चेहरा दिसतो का बघतो आणि विचारतो, "कधी देता?" मी चार दिवस पुढचा वार सांगितला की शेजारी जातो. शेजारी एक दुकान आहे. नाव लिहिणार नाही, संपादकांनी मनाई केली आहे. मी त्याला चमकवाला म्हणेन. त्याच्याकडे काचेचं शोकेस आहे, दिव्यांच्या माळा आहेत, फोनवर रोज नवा व्हिडिओ असतो. कामाला तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. ग्रिलं, गेट, खुर्च्या झकास करतो. पण कुणाला कशाला नाही म्हणायचं, हे त्याला ठाऊक नाही. माझं ऐकाल तर तुमच्या एका तरी वस्तूला नाही म्हणणारं दुकान निवडा.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

धरमकाट्याच्या, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्याच्या, बाजूला सुखदेव हेडाऊचं गॅरेज होतं. सुखदेव मूळचा खाप्याचा, हातानं मिस्त्री आणि तोंडानं पुढारी. "बाई, आवाजावरून सांगतो, कोणत्या सिलिंडरले सर्दी झाली," असं तो म्हणायचा. निम्म्या थापा असायच्या. मंगळवारी देतो म्हणाला तर समजून घ्यायचं की शुक्रवारी मिळेल. पण त्यानं बांधलेलं इंजिन पुन्हा खोलायला आलं, असं मी ऐकलं नव्हतं, आणि लाईनीत अशी गोष्ट लपत नाही.

त्याच्याकडे बेसा भागातला एक पोरगा आला, पंकज. प्लॉट विकायचा धंदा, हातात दोन फोन. वडिलांची जुनी मोटार वर्षानुवर्षं शेडमध्ये पडली होती. वडील गेल्यावर त्याला ती नव्यासारखी करायची होती आणि दसऱ्याला सुरू करायची होती. सुखदेवनं इंजिन खोललं आणि कामाला लागला. वरची झाकणं रंगवून आणायचं पंकजनं स्वतःच्या अंगावर घेतलं, कारण रंग त्याला स्वतः निवडायचा होता.

तो आधी माझ्याकडेच आला होता. टॅपेट कव्हर घेऊन. इंजिनाच्या डोक्यावर जे झाकण असतं, बॉनेट उघडल्याबरोबर पहिलं दिसतं, ते. मी ते उलटं केलं आणि त्याला आतून दाखवलं. त्या कव्हरच्या पोटात पत्र्याची एक पट्टी असते, रिव्हेट मारून बसवलेली. उडालेलं तेल वरच्या नळीत जाऊ नये म्हणून. मी त्याला म्हटलं, "हे पाहा, ब्लास्टिंग केलं की या पत्र्याच्या मागे रेती जाते आणि तिथेच बसते. बाहेरून दिसत नाही, हवा मारली तरी निघत नाही. इंजिन चाललं, गरम तेल उडालं की ती सुटते आणि खाली तेलात पडते. म्हणून मी रिव्हेट फोडून पत्रा काढते, काम झालं की धुऊन नव्यानं बसवते. दसऱ्याच्या आत नाही होणार."

"मॅडम, तो बाजूवाला तर परवा देतो म्हणून राहिला."

"पत्रा काढतो म्हणाला का?"

"मले रंग पाहिजे, मॅडम. पत्र्याचं काय करू?"

असं म्हणून कव्हर बगलेत मारून गेला. मी त्याच्या मागे ओरडले नाही. आमच्या लाईनीत एक रीत आहे, कुणी लिहून ठेवलेली नाही पण सगळे पाळतात. गिऱ्हाईकासमोर दुसऱ्याच्या कामाला नाव ठेवायचं नाही. एकाकडे मोठी भट्टी, एकाकडे ॲसिडच्या टाक्या, चमकवाल्याकडे ब्लास्टिंगची मोठी खोली. माझ्याकडे फक्त लहान पेटी. उद्या मोठा जॉब आला तर मला त्याच्याच दारात जायचं असतं. म्हणून सगळे तोंडाला कुलूप लावून बसतात, आणि याला आम्ही एकी म्हणतो.

दसऱ्याच्या सकाळी पंकज चमचमतं लाल कव्हर प्लास्टिकात गुंडाळून सुखदेवकडे घेऊन गेला. आता हे समजून घ्या की दसऱ्याला गॅरेजमध्ये पाने, हातोडे, जॅक सगळं पुसून ओळीनं मांडतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची फुलं घालतात, आणि त्या दिवशी त्यातल्या एकाही वस्तूला हात लावत नाहीत. सुखदेव इतर बाबतींत ढिला असेल, या बाबतीत कडक होता. त्यानं सांगितलं, कव्हर उद्या बसवतो. पंकज म्हणाला, आजचाच मुहूर्त आहे, गाडी आजच सुरू झाली पाहिजे, बाबांच्या आत्म्याला बरं वाटेल. आई गाडीत येऊन बसली होती, पेढे आणले होते. शेवटी सुखदेवनं फुलं बाजूला केली, पाया पडला आणि पूजेतला पाना उचलला.

आणि हेही लिहून ठेवते. बसवण्याआधी तो पेट्रोलनं कव्हर धुणार होता. पंकजनं हात धरला. "धुऊ नका ना भाऊ, चमक जाईन. रंगवाल्यानं धुऊनच देल्लं आहे."

गाडी सुरू झाली. हार घातला, कोराडीला देवीचं दर्शन करून आले. व्हिडिओ काढला. दिवाळी यायच्या आत रिंग रोडवर इंजिनात ठोके पडायला लागले आणि गाडी जागेवर उभी राहिली. ओढून गॅरेजमध्ये आणली, सुखदेवनं खोललं, तर बेअरिंगं पार खरवडलेली आणि क्रँकला चरे. इंजिन गेलं होतं.

पंकजनं फोन समोर धरला. सुखदेवच्या हातांना काळं तेल, मागे उघडं पडलेलं इंजिन, आणि सुखदेव हात जोडून म्हणतो, "चुकलं साहेब माझं." एवढाच तो व्हिडिओ. खाली पंकजनं लिहिलं, या मिस्त्रीनं माझ्या बाबांची आठवण मारली, वाडीत याच्याकडे गाडी देऊ नका. लोकांना असलं फार आवडतं. ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नाही त्यांनीही तो पुढे पाठवला. मलाही माझ्या भाचीकडून आला.

गॅरेज ओस पडलं. आधी नवी गिऱ्हाइकं थांबली, मग जुनी. ज्या टॅक्सीवाल्यांच्या गाड्या सुखदेवनं वर्षानुवर्षं चालत्या ठेवल्या, तेही पलीकडच्या चौकात जायला लागले. एरवी तोंड न मिटणारा सुखदेव कुणाशी बोलेना. मी एकदा हटकलं तर "हाव बाई, ठीक आहे" म्हणून आत गेला.

मग त्याची बायको शोभा माझ्याकडे आली. भट्टीजवळ उभी राहिली, घाम पुसत. मी म्हटलं, "बस वं, काय झालं?"

"बाई, ते गॅरेज सोडतो म्हणून राहिले. गोदामात गाडीवर जातो म्हणते. मी म्हटलं, एकदा त्या पोराले सांगा ना, तुमचं काय चुकलं? तर म्हणते, चुकलंच आहे. दसऱ्याचा पाना उचलला, अवजारांचा कोप झाला, आता त्या हाताले यश नाही."

मला वाटलं होतं की धमकावून त्याच्याकडून वदवून घेतलं असेल. तो माणूस मनापासून कबूल करत होता. व्हिडिओ काढला तेव्हा त्यानं पूर्ण वाक्य म्हटलं होतं, ते शोभानं मला सांगितलं. "चुकलं साहेब माझं, पूजेतला पाना उचलला मी." पुढचं अर्धं पंकजनं कापून टाकलं होतं.

मी तडक गॅरेजमध्ये गेले. सुखदेव कोपऱ्यात बसला होता, पाने पेटीत भरून वर कापड टाकलेलं. मी म्हटलं, "सुखदेव, बेअरिंगवरचे चरे पाहिले ना तुनं? एवढी इंजिनं बांधली, रेती ओळखता येत नाही?"

"रेतीच होती बाई. ते समजलं."

"मग?"

"कुठून आली ते नाही समजलं. ब्लॉक धुतला, चेंबर धुतला, तेलाची एकेक नळी हवा मारून साफ केली. सारं माझ्या हातानं. कव्हर तर कोरं करकरीत आलतं, आरशावानी. मंग रेती येईन कुठून? म्हटलं, ज्या गोष्टीले कारण सापडत नाही तिचं कारण आपणच राहतो."

मला त्याचाही राग आला, खरं सांगते. माणसानं देवाला भ्यावं, पण आपल्या हातांवर एवढा अविश्वास ठेवू नये. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याला पटणार नव्हतं, म्हणून विचारलं, कव्हर कुठे आहे? तर पंकज घेऊन गेला होता, दुसऱ्या मिस्त्रीकडे दुसरं इंजिन बसवणार होता.

मी चमकवाल्याकडे गेले. एकटी, गिऱ्हाईक नसताना, रीतीप्रमाणे. विचारलं, "त्या लाल कव्हरचा पत्रा काढला होता का?"

तो हसला. "कोणता पत्रा, बाई?"

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. मी समजावून सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, एवढं श्रेय मी त्याला देते. मग म्हणाला, "झालं ते झालं. तुमी आपल्या लाईनीच्या आहा. बाहेर बोलू नका. मिस्त्री लोकांचं काय, ते तर कुठंही काम पाहून घेते."

हे वाक्य मी अजून गिळू शकलेले नाही. काम आपण बिघडवायचं, नाव मिस्त्रीचं जाऊ द्यायचं, आणि त्याला एकी म्हणायचं. पण माझ्या हातात पुरावा नव्हता. कव्हर पंकजकडे होतं, आणि मी फोन केला तर तो म्हणाला मीटिंगमध्ये आहे. तो रोज मीटिंगमध्येच असायचा.

शेवटी तो आपल्या पायांनी आला, आणि कशासाठी आला म्हणाल तर रंगासाठी. चमकवाल्यानं कव्हर आधी तापवून तेल ओकवलंच नव्हतं, तेव्हा इंजिनाच्या गरमीनं लाल रंगाला फोड आले होते. पंकजला आता काळा पाहिजे होता. त्यानं कव्हर माझ्या टेबलावर ठेवलं आणि मिस्त्रीनं कसं फसवलं ते मला रंगवून सांगायला लागला. व्हिडिओ दाखवायला फोनही काढला.

मी कव्हर उचललं, कानाशी नेलं आणि हलवलं. खस्स. पुन्हा हलवलं. खस्स. नव्या मिस्त्रीनं ते पेट्रोलनं धुतलं होतं, वाळलं होतं, तरी पत्र्याच्या मागे जे उरलं होतं ते बोलत होतं.

मी माझ्या माणसाला धरमकाट्याला धाडलं आणि सुखदेवला बोलावून आणलं. पंकज उठून निघाला होता. मी म्हटलं, "बसा. तुमच्या बाबांचं इंजिन कोणी मारलं ते पाहून जा." चहाच्या कोपऱ्यातली स्टीलची परात आणली, पुसून टेबलावर ठेवली. ड्रिल घेऊन एकेक रिव्हेट फोडली. लाईनीतले दोघेतिघे दारात येऊन उभे राहिले, त्यांत चमकवालाही होता. बोलू नका असं तो डोळ्यांनी सांगत होता. मी पत्रा उचकटला आणि कव्हर परातीवर उलटं केलं.

राखाडी रेती पडली. काही तेलानं गोळा झालेली, काही कोरडी. फार नव्हती, जेवणात मीठ घालतो तेवढी असेल. इंजिन मारायला तेवढी रगड होते.

"ही ब्लास्टिंगची रेती आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "ही मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये नसते. ही आमच्या लाईनीतली आहे. पत्रा न काढता काम केलं म्हणून राहिली."

सुखदेवनं चिमूट घेतली, बोटांत चोळली. मला वाटलं आता हा ओरडेल, पंकजची कॉलर धरेल, आणि मी काही आडवी जाणार नव्हते. तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "म्हणजे पान्यानं नाही झालं?"

"नाही गा," मी म्हटलं.

तो खाली बसला आणि रडायला लागला. माणसं दारात उभी आहेत याचं भान त्याला राहिलं नाही. मला काय करावं सुचेना, म्हणून मी पंकजवर ओरडले.

"पाहिलं ना? आता काढा फोन. याच परातीचा व्हिडिओ काढा आणि सांगा सगळ्यांना."

पंकज म्हणाला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ ना. मले काय मालूम होतं? आणि तो व्हिडिओ जुना झाला आता, कोण पाहते."

"त्याचं वाक्य कापलं काहून?"

यावर त्यानं जे उत्तर दिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाला, "तो पाना-बिना अंधश्रद्धेचा भाग होता मॅडम. आजकालच्या जमान्यात बरं नाही दिसत, म्हणून काढला." ज्यानं मुहूर्तासाठी पूजेतून पाना उचलायला लावला, तो हे सांगत होता. मग म्हणाला, "ते जाऊ द्या. तुमी पत्रा काढून करता ना? मंग आता तुमीच करा. काळा, मॅट."

मी म्हटलं, आधी व्हिडिओ. जिथे बदनामी केली तिथेच, त्याच्या गॅरेजच्या दारात उभं राहून. तोवर या कव्हरला मी हात लावणार नाही. तो "पाहतो" म्हणून गेला. कव्हर न्यायलाही आला नाही. दुसरं कव्हर कुठून तरी मिळवलं असेल आणि त्याला रंग कुठे मारला असेल, हे मला विचारू नका. त्या व्हिडिओखाली मी भाचीकडून खरी हकीकत टाइप करून घेतली, तर त्यानं मला ब्लॉक केलं.

चमकवाल्यानं माझे जॉब ब्लास्टिंगला घेणं बंद केलं. आता माझे मोठे जॉब हिंगण्यापर्यंत जातात आणि येतात. लाईनीतल्या लोकांनी सत्यनारायणाला बोलावणं टाळलं. एका म्हाताऱ्यानं मला समजावलं की बाई, तुम्ही बोललात ते खरं होतं, पण दारात उभं राहून बोलायला नको होतं. मी त्याला विचारलं, मग कुठे बोलायचं होतं? तेव्हापासून तोही माझ्याशी बोलणं टाळतो.

आणि सुखदेव? त्याला कळलं की आपलं चुकलं नाही, पण गिऱ्हाइकाला कोण कळवणार? गॅरेजची भाड्याची जागा त्यानं मालकाला परत केली. आता गोदामाच्या 'छोटा हत्ती' टेम्पोवर ड्रायव्हर आहे. येता-जाता माझ्या दारात हॉर्न वाजवतो. पान्यांची पेटी घरी आहे, शोभा म्हणते की कापड अजून काढलेलं नाही. मी माझ्या टेम्पोचं इंजिन मुद्दाम खोलायला काढलं आहे. खरंच काढलं आहे, धूर मारतो. लाईनीतल्या दोघांनी विचारलं, "करून देऊ का?" मी नाही म्हटलं. सुखदेवला म्हटलं, तू खोल. तर म्हणाला, "लोक पाहतीन बाई." मी म्हटलं, पाहू दे. तो हसला, गाडी घेऊन गेला. टेम्पो दारात उभा आहे, मी रिक्षानं फिरते.

ते लाल कव्हर मी माझ्या दाराशी हुकाला टांगलं आहे, पत्रा उचकटलेला तसाच. कुणी इंजिनाचे भाग घेऊन आला आणि दुकान कसं निवडावं म्हणाला की आधी त्याच्या हातात ते देते. फोड दाखवते, पत्र्यामागची जागा दाखवते. आणि सांगते की इथून काम करून घ्या की कुठूनही करून घ्या, वस्तू परत घेताना रंगात चेहरा बघू नका, कानाशी धरून हलवा. आणि कुणी मिस्त्री पेट्रोलनं धुतो म्हणाला तर त्याचा हात धरू नका.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आणखी एक दसरा होऊन गेला असेल. त्या पेटीवरचं कापड निघालं की नाही, मला लिहिताना ठाऊक नाही. माझ्याकडे दोन फोन नाहीत, मला व्हिडिओ बनवता येत नाही, पण ही चार पानं मिळाली आहेत. तेव्हा ज्यांनी ज्यांनी तो व्हिडिओ पुढे पाठवला, त्यांच्यासाठी लिहिते. वाडीच्या धरमकाट्याजवळ ते इंजिन सुखदेव हेडाऊनं बरोबर बांधलं होतं. बाकी जागा कमी पडली तर काहीही काढा, हे वाक्य कापू नका, असं मी संपादकांना सांगितलं आहे.